माणिकबाई आणि संत्र्याचा रस

तुमच्या घरात कोणी खाटेवर पडून असेल, तर त्याच्या तोंडात तुम्ही जे घालता ते त्याला हवं असतं का, हे तुम्ही त्याला कधी विचारलंय? गिळलं की नाही, हे मी विचारत नाही. ते तर सगळेच पाहतात. वाटी रिकामी झाली की सून सासूला सांगते, सासू भेटायला आलेल्यांना सांगते, "आज अर्धी पोळी खाल्ली बरं." भेटायला आलेले मान डोलावतात, चहा पितात आणि जातात. खाटेवरच्याला कोणी विचारत नाही. तो आजारी आहे ना, त्याला काय कळतं.

माणिकबाईला मात्र हे कळायचं असं आम्हाला वाटत होतं. तिलाही तसंच वाटत होतं. तिथंच घोटाळा झाला, आणि तोच सांगायला बसलोय.

माणिकबाई मूळची अकोल्याची, माळ्याच्या घरची. जठारपेठेत तिची भाजीची गाडी होती. "पालक ताजा आहे का?" असं कोणी विचारलं की म्हणायची, "शिळा खायाची सवय आहे काय तुमाले?" गिऱ्हाईक चिडायचं आणि उद्या पुन्हा तिच्याकडेच यायचं. नवरा भगवंत पहाटे गाडी भरून द्यायचा आणि दिवसभर तंबाखूचा खर्रा चघळायचा. त्याला घशाचा कॅन्सर झाला. डॉक्टरांनी हात टेकल्यावर तो घरीच होता. शेवटी शेवटी तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. माणिकबाई वरणाची वाटी घेऊन बसायची, आणि तो वळायचा नाही. "माह्यावर रुसून गेला तो," असं ती पुढं कितीतरी दिवस सांगत होती. त्याला गिळताना कोयत्यानं चिरल्यासारखं होत असेल, हे तिला तो गेल्यावर कळलं.

तिनं गाडी दिराच्या हवाली केली आणि चांदूर बाजारला लेकीकडे, गीतांजलीकडे राहायला आली.

खाटेवरच्या आजाऱ्यांचं बघणारं आमचं मंडळ म्हणाल तर मोटरसायकलवर मावेल एवढंच. रूपाली अमरावतीच्या एका दवाखान्यात नर्स आहे. सुट्टीच्या दिवशी ती येते, मी तिला गावोगावी घेऊन जातो. दवाखान्यानं घरी पाठवलेली माणसं ती बघते. जखम धुते, दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांकडून लिहून आणते, घरच्यांना कूस बदलायला शिकवते. एकदा गीतांजलीच्या शेजारच्या म्हातारीकडे गेलो तर माणिकबाई तिथं आधीच बसलेली. खाटेवर नाही, खुर्चीवर नाही, खाली जमिनीवर. मी म्हटलं, "बाई, वर बसा." ती म्हणाली, "भाऊ, खाटेवरच्या माणसाले सारे वरूनच पाहतात. एखाद्यानं तरी खालून पाह्याले पाहिजे."

त्या दिवसापासून ती आमच्यात आली. रूपाली आठवड्यातून एकदा जायची, माणिकबाई एरवीही जायची, एसटीनं, काळीपिवळी जीपनं, कधी कोणाच्या ट्रॅक्टरवर बसून. अंगाला हात लावायच्या आधी दोन्ही तळवे एकमेकांवर घासून गरम करायची. औषध घ्यायला कोणी नकार दिला की बाजारातला भाव सुरू. "दोन घोट पाणी घ्या, त्याच्यावर कोथिंबीर फुकट." मरायला टेकलेली माणसं तिच्यासमोर हसताना मी पाहिलीत. मला ती बाहेरच थांबवायची. "भाऊ, तुमी वट्ट्यावरच बसा. तुमचं तोंड पाहून पेशंटले वाटते, आपलं काही खरं नाई."

अमरावतीच्या एका शिबिरात पडद्यावर मोठ्या अक्षरात 'सहवेदना' असं दाखवलं होतं. त्यावर दिवसभर भाषणं झाली. मला तेव्हा वाटलं होतं, यांना माणिकबाई दाखवावी. आता मी इतक्या लवकर तसं म्हणणार नाही.

पंजाबरावांचं घर चांदूर बाजारापासून जवळच्या एका खेड्यात. काळ्या मातीचा मळा, संत्र्याची बाग, विहिरीला पाणी. घरात कशाला कमी नाही. पंजाबरावांच्या डाव्या गालाला कॅन्सर. नागपूरला रेडिएशनचा शेक देऊन झाला होता आणि आता घरी घेऊन जा, सेवा करा, असं सांगितलं होतं. गालाला आतून मोठी जखम. बोलणं म्हणजे पावसाळ्यात काळ्या रानातून पाय उपसत चालावं तसं, एकेक शब्द ओढून काढायचा.

बायको आशाबाई. लग्न होऊन आली तेव्हा बाग नव्हती, कलमं होती. पहिल्या दोन उन्हाळ्यांत विहीर तळाला गेली, तर हिनं दुसऱ्याच्या विहिरीवरून डोक्यावर घागरी आणून ती कलमं जगवली. गावात अजून म्हणतात, बाग पंजाबरावाची, झाडं आशाबाईची. तर ही आशाबाई रोज सकाळी स्वतः बागेत जायची, झाडावर पिकलेली चार संत्री पारखून तोडायची, ओसरीवर बसून हातानं पिळायची, फडक्यातून गाळायची आणि स्टीलचा पेला घेऊन नवऱ्याच्या उशाशी यायची. पंजाबराव पेला दोन्ही हातांनी धरायचे आणि पूर्ण प्यायचे. डोळ्यांतून धारा लागायच्या. आशाबाई पदरानं ते डोळे पुसायची आणि स्वतःही रडायची.

भेटायला येणारे पाहायचे आणि बाहेर येऊन सांगायचे, "काय प्रेम आहे पाहा बुढ्या-बुढीचं. रस पेता पेता डोये भरून येतात त्याचे."

संत्र्याच्या गावात कोणाच्या डोक्यात येत नाही की संत्रं आंबट असतं. आमच्याकडे ताप आला संत्रं, तोंडाची चव गेली संत्रं, बाळंतिणीला भेटायला जायचं तरी पिशवीत संत्रीच. घरचं, झाडावरचं, गोड. ते कोणाला झोंबेल, असा विचार करणं म्हणजे घरच्या देवावर संशय घेणं.

माणिकबाईनं पहिल्याच दिवशी ओळखलं. आशाबाई पेला विसळायला गेली तशी तिनं खालूनच विचारलं, "झोंबते काय, दादा?"

पंजाबरावांनी दाराकडे पाहिलं. मग मान हलवली. हो.

"लय?"

त्यांनी डोळे मिटले.

"मंग सांगत काहून नाई वहिनीले?"

ते बराच वेळ शब्द जुळवत राहिले. म्हणाले, "तिच्या हाती... आता येवढंच रायलं. ते बी... काढून घेऊ काय?" आणि मग तिचं मनगट धरून, "तू नको सांगू. आण आहे तुले."

माणिकबाईनं शब्द दिला. आम्हाला तिनं हे कीर्तनात सांगावं तसं सांगितलं. मलाही ते फार मोठं वाटलं. नवरा असावा तर असा, असं मीच म्हटलं. रूपालीला ते पटलं नाही. ती म्हणाली, "आंबट बंद करायला पाहिजे. जखमेची आग होते." माणिकबाई म्हणाली, "सिस्टर, त्यायचं मन मोडू नका." मग रूपालीनं डॉक्टरांना विचारून तोंड बधीर करायचं औषध आणलं. सकाळी आशाबाई बागेत गेली की पंजाबराव ते गालात धरायचे, थुंकायचे आणि रसाची वाट बघायचे. माणिकबाई आणि ते दोघं मिळून हा कारभार चालवत होते. दिवाळीला सुरू झालेली ही गोष्ट संक्रांतीपर्यंत चालली. पंजाबराव कधी कधी डोळा मारायचे तिला. एकदा म्हणाले, "शायेत असताना... मास्तरपासून बिड्या लपवल्या. आता हे."

मग जखम वाढली आणि औषध पुरेना.

रस प्यायल्यावर ते आता गादीची किनार मुठीत धरायचे. माणिकबाईला ते बघवेना. शब्द तर मोडायचा नव्हता. तिनं भाजीवालीची युक्ती काढली. आशाबाईला म्हणाली, "वहिनी, सिस्टर म्हणे संत्र्यानं कफ होते. थोडे दिवस बंदच ठेवू."

आशाबाई हसली. "कफ? माय, आमी जलमभर संत्र्यातच रायलो. कफाले औषध नाई माईत काय आमाले?"

दुसऱ्या दिवशी तिनं रसात सैंधव घातलं आणि वरून मिरे कुटून टाकले.

माणिकबाई खाटेशेजारी जमिनीवर बसली होती. पेल्यातून मिऱ्यांचा वास आला तेव्हा तिला कळलं, पण पेला तोवर ओठाला लागला होता. ती उठेपर्यंत पंजाबरावांनी दोन घोट घेतले. तिसरा घेता आला नाही. पाठ खाटेवरून उचलली गेली, पाय ताठ झाले, घशातून जो आवाज निघाला तो ऐकून कुंदन, त्यांचा मुलगा, गोठ्यातून धावत आला. आशाबाई पाठ चोळत म्हणत होती, "ठसका लागला, ठसका लागला." थोड्या वेळानं ते निवळले. आशाबाई पाणी आणायला गेली. पंजाबरावांनी माणिकबाईकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता... हयदीचं नको सांगू तिले."

मिऱ्यांनंतर हळद, हा त्यांचा शेवटचा विनोद. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तोंड उघडणं बंद केलं.

नीट समजून घ्या काय झालं ते. रसाला एकट्याला नाही म्हणता येत नव्हतं, म्हणून त्यांनी सगळ्यालाच नाही म्हटलं. पाण्याला नाही, पेजेला नाही, दुखण्याच्या गोळीलाही नाही. गोळी पोटात नाही म्हणून दुखणं अंगभर. रात्रंदिवस कण्हणं. आणि ओठ घट्ट. आशाबाई पेला घेऊन यायची तसे ते मान भिंतीकडे वळवायचे.

कुंदन म्हणाला, "बाबा हट्ट करून रायले. नागपूरले नेतो अन् नाकातून नळी टाकून आणतो." पंजाबरावांना नागपूर नको होतं. घरी मरायचं, हे त्यांनी आधीच सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं. आशाबाई चुलीपाशी बसून माणिकबाईला म्हणाली, "माह्या हातचं नको झालं त्यायले. चाळीस वर्सं खाल्लं, आता नको झालं. काय चुकलं व माह्यं?"

माणिकबाई परत आली ती माझ्याशी बोललीच नाही. मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा मी आवाज चढवला तशी म्हणाली, "भाऊ, उद्या मी शब्द मोडतो." आणि मग, "मोडतो म्हणजे मोडतोच. तुमी काही बोलू नका."

सकाळी ती पोचली तेव्हा आशाबाई ओसरीवर बसून संत्री पिळत होती. नवरा घेत नव्हता तरी पिळत होती. थंडीनं आणि कामानं बोटांना भेगा पडलेल्या. पिळता पिळता तिनं श्वास आत ओढला आणि बोट झटकलं.

"झोंबलं काय, वहिनी?"

"हाव व. भेग पडली न बोटाले. एवढीशीच आहे, पण संत्रं लय झोंबते."

माणिकबाई म्हणते, मी रात्रभर वाक्य जुळवलं होतं, ते सगळं विसरली. तोंडातून एवढंच निघालं, "त्यायच्या गालात तर तळव्याएवढी भेग आहे."

आशाबाईचा हात थांबला नाही. हातातलं संत्रं तिनं पूर्ण पिळलं. साल बाजूला ठेवली. फडकं पिळलं. पेला भरला, समोर ठेवला. मग विचारलं, "कवापासून?"

"दिवाळीपासून."

"अन् तुले माईत होतं."

"त्यायनं आण घातली होती, वहिनी. तुमचं मन मोडू नये म्हणून."

"तुले सांगतलं त्यायनं," आशाबाई म्हणाली. "मले नाई. तुले सांगतलं." ती शांतपणे बोलत होती, म्हणून माणिकबाईला जास्त भीती वाटली. "मी रोज त्यायच्या तोंडात आग ओतून रायली, अन् तू खाली बसून पाहून रायली. तू कोण व त्यायची?"

माणिकबाई बाजूला ठेवलेल्या साली गोळा करू लागली.

"ऊठ. जाय माह्या घरातून."

ती उठली. दारात कुंदन उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं बाजूला होऊन वाट दिली.

पुढचं आम्हाला कुंदनकडून कळलं. आशाबाई खोलीत गेली आणि चौकटीपाशीच उभी राहिली. म्हणाली, "मी वैरी होती काय तुमची? एक डाव म्हणून पाह्यलं असतं." पंजाबराव तिच्याकडे बघत राहिले. ती गेली आणि त्या दिवशी खोलीत फिरकली नाही. कुंदननं पाणी देऊन पाहिलं, त्यांनी घेतलं नाही. संध्याकाळी आशाबाई माठातलं गार पाणी आणि कापूस घेऊन आली. आज पहिल्यांदा ती खाली बसली. कापूस ओठाजवळ धरला आणि म्हणाली, "हे बी झोंबत असंल तर सांगा. नाई सांगतलं तर मी बी जेवणार नाई." त्यांनी मान हलवली. नाही झोंबत. आणि तोंड उघडलं.

रूपालीनं मग गोळी पाण्यात विरघळवून द्यायला शिकवलं. दुखणं आटोक्यात आलं. नागपूरचा विषय संपला. आशाबाई बागेत जात राहिली. संत्रं आणायची आणि उशाशी बसून सोलायची. सालीच्या वासानं जखमेचा वास दबायचा. फोडी कुंदन खायचा. नवरा-बायको काय बोलत होते ते मला माहीत नाही आणि ते आपलं काम नाही. पण फार दिवस मिळाले नाहीत. होळीच्या आधीच पंजाबराव गेले. घरीच गेले.

माणिकबाईला त्या घरात पुन्हा बोलावणं आलं नाही. रूपाली जायची तेव्हा माणिकबाई हट्टानं आमच्याबरोबर यायची आणि गावाच्या तोंडाशी, लिंबाच्या पारावर उतरायची. रूपाली परत आली की विचारायची, "निजले होते काय? कूस बदलली काय कोणी?" मी एकदा चिडून म्हटलं, "तुम्ही सांगितलं म्हणून तर ते सुखानं चाललेत. आणि तुम्हालाच बाहेर? मी बोलतो त्या बाईशी." ती म्हणाली, "गप बसा, भाऊ. घर त्यायचं आहे."

तेरवीला ती गेली. पंगतीत नाही, मागच्या अंगणात भांड्यांपाशी बसली. आशाबाईनं तिला पाहिलं. बऱ्याच वेळानं आली आणि समोर उभी राहिली. मी जवळच होतो, म्हणून ऐकलं.

"माणिकबाई, तुह्या मनात खोट नव्हती, मले माईत आहे," आशाबाई म्हणाली. "पण दिवाळीपासूनचे माह्ये दिवस तू नेले. त्यायनं जे मले सांगाचं ते तुले सांगतलं. ते दिवस मले कोण वापस देईन?"

माणिकबाईनं हात जोडले. आशाबाईनं ते हात खाली केले नाहीत, धरलेही नाहीत. "जेवून जाय," म्हणाली आणि आत गेली.

परतताना माणिकबाई मोटरसायकलवर मागे बसून बोलत होती. वाऱ्यानं अर्धं ऐकू येत नव्हतं, म्हणून मी गाडी बाजूला लावली. ती म्हणाली, "खरं बोलली वहिनी. त्या खाटेवर मले भगवंतच दिसला, भाऊ. मनात म्हटलं, याचं मी ऐकीन. त्याचं नाई ऐकलं, याचं तरी ऐकीन. अन् वहिनीच्या हातात पेला होता तवा तठी मीच उभी होती, वाटी घेऊन. ते मले दिसलंच नाई."

मी गाडीला किक मारली.

लोक विचारतात, मग सोडलं का तिनं हे काम? नाही सोडलं. पण आता ती खाटेवरच्या माणसाचं गुपित पोटात घेत नाही. कोणी दाराकडे बघून हळू आवाजात बोलायला लागलं की म्हणते, "थांबा, घरच्याले बलावतो, मंग बोला." यानं सगळं सुरळीत होतं असं समजू नका. मागच्या महिन्यात एका म्हाताऱ्यानं सुनेला आत आलेलं पाहून तोंड मिटलं ते मिटलंच. काय सांगायचं होतं ते त्याच्याबरोबर गेलं. माणिकबाई त्या आठवणीनं अजून झोपेतून उठून बसते, असं गीतांजली सांगते. पुन्हा तशी वेळ आली तर काय करशील, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "माईत नाई." जठारपेठेत ज्या बाईला प्रत्येक गिऱ्हाइकासाठी उत्तर होतं, ती म्हणाली माहीत नाही.

आपल्याकडे आजाऱ्याचं करणाऱ्याला कोणी आजारी धरत नाही. त्याला फक्त शाबासकी देतात. खाटेजवळ उभा असलेला माणूस हातात पेला घेऊन रोज थोडा थोडा मरत असतो, आणि ज्याच्यासाठी तो पेला आहे तो त्याला वाचवायला आग पीत असतो. दोघंही एकमेकांसाठी, आणि दोघंही एकटे. तिथं तिसऱ्यानं कोणाची बाजू घ्यायची? माणिकबाईनं एकाची घेतली. तुम्ही घेऊ नका.

माझं एक ऐका. घरात, शेजारी, नात्यात कोणी खाटेवर असेल तर आजच जा. संत्री नेऊ नका. त्याला जे भरवतात, त्यांच्या हातातली वाटी खाली ठेवायला लावा आणि त्यांनाही सोबत घेऊन जमिनीवर बसा. मग त्यांच्यासमोर विचारा, "झोंबते काय?" आणि तो बोलेपर्यंत कोणी उठू नका.